आपला निर्णय आपणच पास करायचा नाही



मी सॉफ्टवेअर इंजिनिअर आहे. आमच्याकडे एक साधा नियम असतो: स्वतः लिहिलेला कोड स्वतःच पास करायचा नाही, तो दुसऱ्याने वाचायचा. आपली चूक आपल्याला सहसा दिसत नाही, म्हणून हा नियम. पैसे गुंतवताना मात्र लिहिणारे, तपासणारे आणि मंजूर करणारे आपण एकटेच असतो.

याचा परिणाम पाहा. सेबीने सप्टेंबर २०२४ मध्ये फ्युचर्स-ऑप्शन्सचा अहवाल काढला. २०२१-२२ ते २०२३-२४ या तीन वर्षांत १०० पैकी ९३ वैयक्तिक ट्रेडर तोट्यात गेले. एकूण तोटा १.८ लाख कोटींहून जास्त. लागोपाठ तोटा होऊनही त्यांतले ७५ टक्क्यांहून अधिक लोक खेळतच राहिले. शेवटच्या वर्षी या ट्रेडरांत तिशीच्या आतले ४३ टक्के होते. म्हणजे इथे बसलेल्या तुमच्याच वयाचे.

हे लोक बुद्धीने कमी होते का? नाही. डॅनियल कानमन आणि एमॉस ट्वर्स्की या मानसशास्त्रज्ञांनी १९७९ मध्येच मांडलं होतं की जितका आनंद कमावण्याचा होतो, त्याहून जास्त दुःख तेवढीच रक्कम गमावण्याचं होतं. म्हणून १०० रुपयांचा शेअर १२० झाला की आपण घाईने विकतो. तोच ७० वर आला की म्हणतो, ‘१०० होऊ दे, मग काढू.’ आपण तो कितीला घेतला, हे त्या शेअरला ठाऊकच नसतं! टेरन्स ओडीन यांनी अमेरिकेतली १० हजार खाती तपासली, तेव्हा हेच दिसलं. विकलेले नफ्यातले शेअर पुढच्या वर्षी सरासरीने, धरून ठेवलेल्या तोट्यातल्या शेअरांपेक्षा जास्त वाढले.

दुसरा सापळा फाजील आत्मविश्वासाचा. ओडीन आणि ब्रॅड बार्बर यांच्या २००१ च्या अभ्यासात पुरुष बायकांपेक्षा ४५ टक्के जास्त खरेदी-विक्री करताना आढळले. त्यापायी त्यांचं नुकसानही जास्त झालं.

तिसरा सापळा आपल्या अगदी जवळचा आहे: ‘आपलीच माणसं आहेत.’ बेंगळुरूची आयएमए कंपनी हलाल गुंतवणुकीच्या नावाने पैसे गोळा करत होती. जून २०१९ मध्ये ती कोसळली. हजारो कुटुंबांची बचत अडकली, त्यांत बहुसंख्य मुस्लिम. शेजाऱ्याला महिन्याला पैसे मिळतात, नातेवाइकाला मिळतात, एवढाच पुरावा अनेकांना पुरेसा वाटला. इतका नफा येतो कुठून, हा प्रश्न मागेच राहिला. सगळे एकाच नजरेने बघत असतील, तर दहा जणांनी तपासूनही ते तपासणं होत नाही.

म्हणून पैसे लावण्याआधी वहीत तीन ओळी लिहा. हे का घेतोय? काय घडलं तर माझा अंदाज चुकला असं मानून बाहेर पडेन? हे पैसे मला कधी लागणार आहेत? तारीख टाका. मग ते पान अशा माणसाला दाखवा, ज्याला यात कमिशन नाही आणि जो तुमच्या त्याच व्हॉट्सअॅप ग्रुपमध्ये नाही. ती तुमची बहीण असेल, किंवा वर्षानुवर्षं मोहल्ल्याची भिशी सांभाळणारी अम्मी. तिला कँडलस्टिक चार्ट कळत नसेल. पण ‘बेटा, यह पैसा आता कहाँ से है?’ हे ती नक्की विचारेल. याचं उत्तर देता आलं नाही, तर त्या दिवशी खरेदीचं बटण दाबू नका.