महाविद्यालयाचे उत्तरदायित्व आणि आपला लेखी अर्ज

(चारठाणा येथील वार्षिक संमेलनात केलेले भाषण)



गुणवंत विद्यार्थ्यांचा सत्कार आताच आटोपला. ही मुले-मुली लवकरच परभणीस, नांदेडास, कोणी मुंबईसही जातील. निघताना आपण त्यांच्या हातावर दही घालतो, फराळाचा डबा देतो. परंतु वसतिगृहातील पहिल्या रात्री वरच्या वर्गातील विद्यार्थ्यांनी दार ठोठावले तर काय करावे, हे मात्र कोणी सांगत नाही. त्याविषयी वकील या नात्याने मी बोलावे, अशी चिटणीसांची आज्ञा झाली.

प्रथम माझा अपराध सांगतो. काही वर्षांपूर्वी आपल्यातील एक गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांच्या मुलाला वसतिगृहात रात्ररात्र उभे करीत, इतरांचे कपडे धुवावयास लावीत. मी म्हणालो, "लेखी काही देऊ नका, कागद झाला की वैर होते. भेटून मिटवू." आम्ही प्राचार्यांस भेटलो, चहा झाला, आश्वासन मिळाले. छळणाऱ्यांत आपल्याच ज्ञातीतील एक मुलगा होता, व माझ्या सल्ल्यामागे तेही एक कारण होते, हे आज लपवीत नाही. दीड महिन्याने मुलगा पेटी घेऊन परत आला, तो कायमचाच. वडील पुन्हा विचारावयास गेले तेव्हा "आमच्याकडे तक्रारच आलेली नाही" असे उत्तर मिळाले. आणि कागदोपत्री ते खरे होते.

त्या वेळी महाराष्ट्राचा रॅगिंग प्रतिबंधक कायदा, १९९९ अमलात होता. मी वकील असूनही तो वाचला नव्हता! शारीरिक वा मानसिक इजा करणारे, भीती वा लज्जा उत्पन्न करणारे वर्तन त्यात गुन्हा ठरते. मग ते संस्थेच्या आवारात घडो वा बाहेर. शिक्षा २ वर्षांपर्यंत कैद व १०,००० रुपयांपर्यंत दंड. दोषी ठरलेल्या विद्यार्थ्यास काढून टाकले जाते व ५ वर्षे अन्य संस्थेत प्रवेश मिळत नाही. परंतु खरी मेख पुढेच आहे. विद्यार्थी, त्याचे आईबाप, पालक वा शिक्षक यांनी लेखी तक्रार दिली, म्हणजे संस्थाप्रमुखाने ७ दिवसांत चौकशी केलीच पाहिजे. तक्रारीत सकृद्दर्शनी तथ्य असेल तर आरोपित विद्यार्थ्यास निलंबित करून तक्रार पोलिसांकडे धाडावयाची. नसेल तर तसे तक्रारदारास लेखी कळवावयाचे. यात हयगय करणाऱ्या प्रमुखाने गुन्ह्यास साहाय्य केले असे कायदा मानतो, आणि दोष सिद्ध झाल्यास त्यालाही तीच शिक्षा. म्हणजे प्राचार्यांस उत्तरदायी करणारी किल्ली बापाच्या हातातील कागद आहे. आम्ही दोघांनी ती खिशातच ठेवून चहा घेतला.

हिमाचल प्रदेशातील टांडा येथे अमन काचरू हा वैद्यकीय विद्यार्थी मार्च २००९ मध्ये मारहाणीत मृत्यू पावला. त्याच वर्षी विद्यापीठ अनुदान आयोगाने विनियम केले. प्रवेशसमयी विद्यार्थी व पालक यांचे प्रतिज्ञापत्र, संस्थेत समिती व पथक, दंडनीय प्रकार दिसल्यास २४ तासांच्या आत पोलिसांत फिर्याद, आणि कसूर करणाऱ्या संस्थेचे अनुदान वा संलग्नता काढून घेण्याचा अधिकार, असे त्यांचे स्वरूप आहे.

इतके असूनही २२ मे २०१९ रोजी मुंबईच्या नायर रुग्णालयात शिकणाऱ्या, मूळ जळगावच्या डॉ. पायल तडवी या आदिवासी तरुणीने जीवन संपविले. जातीवरून छळ केल्याचा आरोप तीन वरिष्ठ महिला डॉक्टरांवर ठेवण्यात आला. छळाची गोष्ट आपण आधीच वरिष्ठांच्या कानावर घातली होती, असे कुटुंबीयांचे म्हणणे. खटल्याच्या गुणदोषांत मी शिरत नाही. त्यांची माता आबेदाबाई रोहित वेमुलाच्या मातेसह त्याच वर्षी सर्वोच्च न्यायालयात गेल्या, हे येथील मातांस ठाऊक असावे म्हणून सांगितले.

आता एक अप्रिय गोष्ट. कायद्याने शिक्षणसंस्थेच्या व्याख्येत बोर्डिंग व वसतिगृहही घातले आहे. ज्ञातीचे वसतिगृह काढण्याचा ठराव आज आपल्यापुढे आहे. तो संमत करताना, तेथे एखाद्या मुलाचा छळ झाल्यास "आपलीच मुले, समजावून सांगू" हे उत्तर आपणांस पुरणार नाही, हे विश्वस्तांनी ध्यानी घ्यावे. आणि बाहेरच्या महाविद्यालयात आरोपी आपला मुलगा असला, तर शिष्टमंडळ घेऊन प्राचार्यांकडे जाण्याची प्रथाही बंद करावी. अशा शिष्टमंडळात मी पूर्वी गेलो आहे. पुढे जाणार नाही.

अर्जाची भाषा अलंकारिक नको. तारीख, वेळ, खोली, कोणी काय केले, कोणी पाहिले, इतके पुरे. सही मुलाची वा पालकांची असावी. मंडळाच्या सहीचा अर्ज कायद्याच्या त्या कलमात बसत नाही. दोन प्रती न्याव्या, एकीवर पोच, शिक्का व दिनांक घ्यावा, आणि त्या दिवसापासून ७ दिवस मोजावे. कोणास लिहिता येत नसेल, त्याने रविवारी सकाळी माझ्या घरी यावे. फी नाही, आणि या वेळी चहाही अर्ज लिहून झाल्यावरच.