गटाचा कॉम्प्युटर तापतोय? आधी धूळ झाडा



एप्रिल-मे महिना आला की अनेक गटांत एकच तक्रार ऐकू येते. सकाळी कॉम्प्युटर चांगला चालतो. दुपारी हिशेब भरायला बसलं की पंख्याचा आवाज वाढतो, काम अडखळतं आणि मध्येच सगळं बंद. सेव्ह न केलेलं पान तर गेलंच. दुकानात नेलं की बऱ्याचदा उत्तर मिळतं, “ताई, जुना झालाय, आता नवीन घ्या.” नवीन घ्यायचा म्हणजे गटाची मोठी बचत त्यात जाणार. म्हणून तो निर्णय घेण्याआधी काय करून बघायचं, ते आज बोलू.

आधी तो तापतो का, ते समजून घेऊ. डब्याच्या आत प्रोसेसर नावाचा काडेपेटीएवढा चपटा तुकडा असतो. सगळी आकडेमोड तोच करतो. जुन्या कॉम्प्युटरमध्ये कामाच्या भरात तो ६५ वॅटच्या आसपास उष्णता सोडतो. जुना ६० वॅटचा पिवळा बल्ब आठवा. पेटलेला असताना त्याला हात लावता येत नसे. तेवढी उष्णता या लहानशा तुकड्यातून सतत बाहेर काढावी लागते. त्यासाठी त्याच्यावर धातूच्या पातळ पात्यांचा ठोकळा असतो आणि ठोकळ्यावर पंखा. प्रोसेसर आणि ठोकळा यांच्यामध्ये एका खास पेस्टचा पातळ थर असतो.

आपल्याकडे मातीची धूळ, चुलीचा धूर, शिवणकामाचे तंतू, गिरणीचं पीठ, सगळं हवेबरोबर आत जातं आणि पात्यांमध्ये गोधडीसारखं बसतं. पंखा फिरतो, पण वारा आत जात नाही. काही वर्षांनी पेस्टही वाळून जाते. मग उष्णता साठते, आणि ती हद्दीबाहेर गेली की कॉम्प्युटर स्वतःला वाचवायला बंद होतो.

बंद पडण्याचं कारण उष्णताच आहे का, हे ओळखायची एक खूण आहे. बंद पडल्यावर लगेच चालू केला तर तो आणखी लवकर बंद पडतो, आणि अर्धा तास थांबून चालू केला तर पुन्हा बराच वेळ चालतो, असं होत असेल तर उष्णतेचाच संशय घ्या. वीज कमी-जास्त होताना बंद पडत असेल, तर ते दुखणं वेगळं.

आता सफाई. पहिलं काम, गटाच्या सगळ्या नोंदी पेन ड्राइव्हवर उतरवून घ्या. यंत्र पुन्हा मिळेल, पाच वर्षांचा हिशेब पुन्हा मिळणार नाही.

मग कॉम्प्युटर बंद करा, पिन बोर्डातून काढा आणि चालू करायचं बटण काही सेकंद दाबून धरा, म्हणजे आत उरलेली थोडी वीज निघून जाईल. डबा अंगणात किंवा ओसरीवर न्या. मागचे स्क्रू काढून बाजूचा पत्रा सरकवा. आत हात घालण्याआधी डब्याच्या उघड्या पत्र्याला बोट लावा, म्हणजे अंगातली स्थिर वीज उतरते. पंख्याचं पातं बोटाने धरून ठेवा आणि मऊ, कोरड्या ब्रशने पात्यांमधली धूळ सोडवा. जवळ ब्लोअर असेल तर थोडं लांबून हवा मारा, पण तेव्हाही पंखा फिरू देऊ नका. जोरात फिरला तर खराब होऊ शकतो. ओलं फडकं अजिबात नको. नाका-तोंडाला पदर बांधा.

डबा बंद करण्याआधी पंख्याची वायर जागेवर आहे ना, ते बघा. मग चालू करून पंखा फिरतो का, ते डोळ्यांनी पाहा, आत हात न घालता.

एवढं करूनही तापत असेल, तर पेस्ट बदलावी लागेल. त्यासाठी ठोकळा काढावा लागतो. ते काम पहिल्यांदा जाणकाराकडून, आपल्यासमोर करून घ्या. जुनी पेस्ट पूर्ण पुसायची आणि नवी वाटाण्याच्या लहान दाण्याएवढीच लावायची. जास्त लावल्याने जास्त थंड होत नाही.

एका गोष्टीला मात्र हात लावू नका. जिथे विजेची जाड वायर जोडतो, ती मागची लोखंडी पेटी उघडायची नाही. पिन काढल्यावरही तिच्यात जोराचा झटका बसेल एवढी वीज राहू शकते. तिची जाळी बाहेरूनच झाडा. जळका वास आला, ठिणगी दिसली, किंवा आतल्या पाटीवरच्या नळकांड्यांची डोकी फुगलेली दिसली, तर यंत्र बंद ठेवा आणि कारागिराला बोलवा.

जागाही बघा. डबा भिंतीपासून वीतभर पुढे हवा, जमिनीवर नको, बंद कपाटात नको. आपण हौसेने विणलेलं आवरण काम चालू असताना काढून ठेवा. काम संपल्यावर, डबा गार झाला की घाला.

शिलाई मशीन आपण स्वतः उघडतो, बॉबिनखालचे तंतू काढतो, तेल घालतो. कॉम्प्युटरची सफाईही तशीच आहे. गटातल्या दोघींनी ती अंगावर घ्यावी, दर तीन महिन्यांनी करावी आणि तारीख रजिस्टरमध्ये लिहावी. तरीही दुकानात जायची वेळ आली, तर विचारा, “प्रोसेसरचं तापमान किती दाखवतंय? पेस्ट बदलून पाहिली का?” याचं नीट उत्तर मिळाल्याशिवाय नव्या कॉम्प्युटरचा ठराव बैठकीत मांडू नका.