सैनिकी अधिकारीपद आणि पदवीचा विषय
(मंडळाच्या वार्षिक संमेलनात विद्यार्थी-सत्कारप्रसंगी केलेले भाषण)



आज सत्कार झालेल्यांपैकी तिघांनी, त्यांत एका कन्येनेही, सैन्यात अधिकारी होण्याची इच्छा मजजवळ बोलून दाखविली. ऐकून समाधान वाटले. मात्र तिघांच्याही पालकांनी पाठोपाठ एकच प्रश्न केला, ‘गुरुजी, मग कॉलेजात विषय कोणता घ्यावा?’ चिटणीसांनी दिलेली पंधरा मिनिटे मी याच प्रश्नाकडे लावतो.

अधिकारी होण्यास अमुकच विषयाची पदवी लागते, ही समजूत भूसेनेपुरती तरी बहुतांशी निराधार आहे. पदवीधरांसाठी संघ लोकसेवा आयोगाची सी. डी. एस. परीक्षा वर्षातून दोनदा होते. तिच्याद्वारे डेहराडूनच्या लष्करी प्रबोधिनीत अथवा चेन्नईच्या अधिकारी प्रशिक्षण प्रबोधिनीत जाण्यास कोणत्याही शाखेची पदवी चालते. नौदलास मात्र अभियांत्रिकीची पदवी हवी. वायुदलास अभियंता तरी हवा, अथवा बारावीस भौतिकशास्त्र व गणित घेतलेला पदवीधर. बारावीनंतरच खडकवासल्यास जावयाचे, तर तेथे भूसेनेस कोणतीही शाखा चालते, परंतु लेखी परीक्षेच्या ९०० गुणांपैकी ३०० गुण गणिताचे असतात. (२०२२ पासून मुलींनाही तेथे प्रवेश मिळू लागला आहे, हे कन्यांच्या पालकांनी ध्यानी घ्यावे.) तात्पर्य, खरी निवड दहावीनंतरच होऊन जाते. ज्याला गणित झेपते त्याने केवळ कंटाळा म्हणून ते सोडू नये. एक दार विनाकारण बंद होते.

सी. डी. एस.मधील गणिताचा मात्र पालकांनी बाऊ करू नये. ते मॅट्रिकच्या दर्जाचे असते. शेकडेवारी, काळ-काम-वेग, भूमिती, थोडी त्रिकोणमिती. म्हणजे मी जन्मभर फळ्यावर जे शिकविले तेच. चेन्नईच्या प्रबोधिनीसाठी तर तो पेपरही नाही. आपली मुले अडतात ती इंग्रजी व सामान्यज्ञान या पेपरांत, आणि त्यास रोजचे वर्तमानपत्र मन लावून वाचण्यावाचून अन्य उपाय मला ठाऊक नाही.

मग विषय कोणता घ्यावा? माझे स्पष्ट मत असे की, ज्यात मुलाचे मन रमते आणि गणवेश न मिळाला तरी ज्याच्या आधारे तो उभा राहू शकेल, तो. हे बोलणे अशुभ वाटेल, पण पालकांस सत्य सांगणे भाग आहे. लेखी परीक्षा उत्तीर्ण झालेल्यांपैकीही बहुसंख्य उमेदवार निवड मंडळाकडून, म्हणजे एस. एस. बी.कडून, परत येतात. त्यापुढे वैद्यकीय तपासणी आहेच. माझ्या एका माजी विद्यार्थ्याची गोष्ट सांगतो. ‘सैन्याला इंजिनियर हवेत’ असे वडिलांच्या कानी आले, म्हणून इतिहासाची आवड असलेल्या या मुलास त्यांनी अभियांत्रिकीस घातले. सी. डी. एस. तो उत्तीर्ण झाला. परंतु दुसऱ्या वर्षाचे दोन विषय अडकून राहिल्याने ठरल्या मुदतीत पदवी हाती आली नाही, आणि संधी गेली. पुढे वयाची मर्यादाही उलटली.

अभियांत्रिकीविषयी माझी तक्रार नाही. नागपूरचे जनरल मनोज पांडे हे अभियंता दलातून सेनाप्रमुखपदी पोहोचलेले पहिले अधिकारी होत. अभियंत्यास लेखी परीक्षेवाचून थेट मुलाखतीची वाट आहे, कायद्याच्या पदवीधरासही स्वतंत्र वाट आहे. ज्याची तिकडे ओढ असेल त्याने अवश्य जावे.

काही पालक संरक्षणशास्त्राचा आग्रह धरतात. पुणे विद्यापीठात तो विषय शिकविला जातो व तो मोठा गोडीचाही आहे, परंतु निवडीत त्यास जादा गुण नाहीत. शिवाय सेवेत गेल्यावरही शिक्षण थांबत नाही. पुण्याचे जनरल मनोज नरवणे यांनी संरक्षणविषयक एम. ए. मद्रास विद्यापीठातून केले आहे.

निवड मंडळाकडे पाच दिवस परीक्षा चालते. मुलाखतीत ‘हा विषय का घेतलास, त्यात काय वाचलेस’ असे विचारतात. वडील म्हणाले म्हणून घेतला, असे ज्याचे उत्तर, त्याचा चेहराच सारे सांगून जातो. आवडीचा विषय घेतलेला मुलगा तेथे मोकळेपणाने बोलतो.

विषयापेक्षा कॉलेज निवडताना अधिक चौकशी करावी, तेथे एन. सी. सी. आहे का, हे पाहावे. पदवीस निदान ५० टक्के गुण व ‘सी’ प्रमाणपत्रात किमान ‘बी’ श्रेणी असेल, तर एन. सी. सी.च्या खास प्रवेशाने लेखी परीक्षेवाचून निवड मंडळापुढे जाता येते. आणि डोळे, विशेषतः रंगांची ओळख, आत्ताच वैद्याकडून तपासून घ्यावी; तीन वर्षे झिजून मग समजण्यात काय अर्थ?

शेवटी कार्यकारिणीस एक विनंती. आपल्या मंडळाची उच्च शिक्षणाची शिष्यवृत्ती आजवर केवळ वैद्यकीय व अभियांत्रिकी विद्यार्थ्यांस दिली जाते. इतिहास, भूगोल वा पदार्थविज्ञान घेऊन एन. सी. सी. करणाऱ्या मुलामुलींसही अर्ज करता यावा, अशी दुरुस्ती येत्या सर्वसाधारण सभेपुढे ठेवावी. लेखी सूचना मी चिटणीसांच्या हाती आजच देत आहे. तिला अनुमोदन देणारे एक सभासद मात्र हवे आहेत.