खेळाचे अंगण कोणाचे?

(शाळेच्या हीरक महोत्सवानिमित्त भरलेल्या माजी विद्यार्थी व पालक मेळाव्यात मुख्याध्यापिकांनी केलेले भाषण)



हीरक महोत्सवाच्या व्यासपीठावरून मुख्याध्यापिकेने ऑनलाइन खेळांविषयी बोलावे, याचे काहींना नवल वाटेल. परंतु आपली मुले सायंकाळी ज्या मैदानावर जमतात, ते आता बहुधा पडद्यावरचे असते. मुले तेथे किती वेळ घालवतात, याची चर्चा प्रत्येक पालकसभेत होते. ते मैदान राखतो कोण आणि त्याचे नियम ठरवतो कोण, हा प्रश्न मात्र क्वचितच निघतो. आज तो मी आपणापुढे मांडते.

दूरदूरच्या खेळाडूंनी एकत्र खेळायचे, तर कोण कोठे उभा आहे आणि कोणाचे किती गुण झाले, याचा हिशेब ठेवणारा एक संगणक लागतो. केवळ त्याच कामासाठी ठेवलेल्या संगणकाला डेडिकेटेड सर्व्हर म्हणतात. १९९६ साली आलेल्या ‘क्वेक’ या खेळाच्या निर्मात्यांनी हे सर्व्हर चालवण्याची सोय खेळाडूंच्याच हाती दिली. १९९९ साली मिन ली आणि जेस क्लिफ या दोन तरुणांनी ‘हाफ-लाइफ’ या खेळात फेरबदल करून ‘काउंटर-स्ट्राइक’ रचला. तोही खेळाडूंनी स्वतः चालवलेल्या अशाच सर्व्हरांवर वाढला. खेळाडूपुढे सर्व्हरांची यादी येई, त्यातून तो आपल्या पसंतीचा निवडी. नित्य एकाच ठिकाणी गेल्याने माणसे ओळखीची होत. शिवीगाळ करणाऱ्यास चालक बाहेर काढी. कोणी नवा नकाशा रचला, तर तो तेथे खेळून पाहता येई.

या व्यवस्थेत उणिवाही होत्या. चालकाची मर्जी फिरली, तर निरपराध खेळाडूही बाहेर जाई. नवख्याला मुरलेल्या खेळाडूंपुढे पदोपदी हार पत्करावी लागे. त्यावरचा उपाय म्हणजे स्वयंचलित मॅचमेकिंग. २००४ च्या ‘हेलो २’ या खेळाने ही पद्धत लोकप्रिय केली. बटण दाबावे आणि यंत्रणेने आपल्या तोडीचे खेळाडू शोधून सामना जमवावा, अशी ती सोय आहे. तिच्या मुळाशी बुद्धिबळातील कल्पना आहे. पदार्थविज्ञानाचे प्राध्यापक अर्पाद एलो यांची गुणांकन पद्धत जागतिक बुद्धिबळ महासंघाने १९७० साली स्वीकारली. दोन खेळाडूंत २०० गुणांचे अंतर असेल, तर सरस खेळाडूने चार डावांत सुमारे तीन गुण मिळवावेत, असा तिचा अंदाज असतो. बलवानास हरवले, तर अधिक गुण मिळतात. प्रत्येक मुलाला त्याच्या कुवतीचे आव्हान द्यावे, हे आम्हा शिक्षकांनाही पटणारे तत्त्व आहे.

मग तक्रार कशाची? २००९ साली ‘मॉडर्न वॉरफेअर २’ या खेळाच्या संगणक-आवृत्तीतून डेडिकेटेड सर्व्हर वगळले गेले, तेव्हा लाखाहून अधिक लोकांनी निषेधाच्या अर्जावर सह्या केल्या. नव्या व्यवस्थेत खेळाडूंपैकीच एकाचा संगणक यजमान होई. त्याला इतरांपेक्षा जलद प्रतिसाद मिळे. तो मध्येच निघून गेला, की खेळ खोळंबे. पुढे अनेक कंपन्यांनी मॅचमेकिंगसाठीही स्वतःचे डेडिकेटेड सर्व्हर ठेवले आणि हा दोष पुष्कळसा दूर झाला. तथापि, मैदानाची किल्ली कंपनीकडेच राहिली.

त्या किल्लीचे मोल खेळ जुना झाल्यावर कळते. एप्रिल २०१० मध्ये पहिल्या एक्सबॉक्सची ऑनलाइन सेवा बंद झाली आणि तिच्याबरोबर त्यावरील ‘हेलो २’चे सामनेही संपले. काही मोजक्या खेळाडूंनी आपली यंत्रे बंदच केली नाहीत आणि ते मे महिन्यापर्यंत तग धरून राहिले. एकेकाची जोडणी तुटत गेली, तसा खेळ मावळला. ‘द क्रू’ हा मोटारशर्यतीचा खेळ ३१ मार्च २०२४ रोजी बंद झाला आणि पैसे देऊन घेतलेली प्रत निरुपयोगी ठरली. याउलट, ‘क्वेक’चा मूळ प्रोग्राम १९९९ साली खुला झाल्याने त्याचे सर्व्हर चाहते आजही चालवतात.

विद्यार्थिमित्रांनो, तयार जमवून दिलेल्या सामन्यात तुम्ही चपळ व्हाल, जिंकायलाही शिकाल. पण तेथे भांडण मिटवण्याची, नवख्याला सांभाळून घेण्याची, नियम बदलावा का यावर चर्चा करण्याची वेळ तुमच्यावर सहसा येत नाही. सामना संपतो आणि माणसे पांगतात. आपली शाळा महाराष्ट्राबाहेर साठ वर्षे उभी आहे, ती मात्र कोणी वर्गणी गोळा केली, कोणी हिशेब लिहिले, कोणी सुटीतही कुलूप उघडले म्हणून. ही राखणदारी पुढच्या पिढीने कोठेतरी शिकायला हवी. तिला प्रिय असलेल्या खेळातच ती शिकता आली, तर उत्तमच.

म्हणून एक प्रस्ताव ठेवते. ‘लुआन्टी’ या मुक्त प्रणालीवर ठोकळे रचून गावे, किल्ले उभारण्याचे खेळ विनामूल्य खेळता येतात आणि तिचा सर्व्हर साध्या संगणकावरही चालतो. संगणककक्षातील एक यंत्र या कामी द्यावे. नववीच्या मुलामुलींनी नियमावली लिहावी आणि पाळीपाळीने चालकपद सांभाळावे. ज्याला बाहेर काढले, त्याचे म्हणणे ऐकून घेण्यासाठी शिक्षक व विद्यार्थी यांची समिती असावी. मॅचमेकिंगच्या यंत्रणा मुख्यतः कौशल्य आणि अंतर पाहतात. आपल्या सर्व्हरवर मात्र संभाषण मराठीत, देवनागरीत चालावे, असे आपण ठरवू शकतो. ज्या मुलांच्या कानी घर आणि शाळा सोडल्यास मराठी पडत नाही, त्यांना मराठीतून भांडण्याची व समेट करण्याची ती तिसरी जागा होईल.

यासाठी तांत्रिक जाणकारांची गरज आहे. ज्या माजी विद्यार्थ्यांना आठवड्यातून एक तास देता येईल, त्यांनी आज जाण्यापूर्वी कार्यालयातील वहीत आपले नाव लिहावे, ही विनंती.