पहिले वर्ष : विचारण्याचे धैर्य



म्हैसूरचे गोकुलम हे उपनगर जगभरच्या योगसाधकांना परिचित आहे. के. पट्टाभि जोइस यांची योगशाळा 2002 मध्ये तेथे आली. तिची शिकवण्याची रीत ‘म्हैसूर पद्धत’ म्हणून ओळखली जाते. एकाच दालनात प्रत्येक साधक आपापल्या गतीने आसने करतो. गुरू जवळ येऊन हाताने चूक सुधारतात आणि एक आसन स्थिर झाल्यावरच पुढचे देतात.

पहाटे गोकुलममध्ये चटया अंथरल्या जातात, त्याच सुमारास शहरातील कृष्णराजेंद्र रुग्णालयात पहिल्या वर्षाचे निवासी डॉक्टर वॉर्डात कामाला लागलेले असतात. रक्ताचे नमुने घ्यायचे, केसपेपर लिहायचे, वरिष्ठांच्या राउंडपूर्वी प्रत्येक रुग्णाची रात्र कशी गेली ते जाणून घ्यायचे. त्यांच्या शिक्षणाचे तत्त्वही गोकुलममधल्यासारखेच आहे. अमेरिकेत 1889 मध्ये सुरू झालेल्या जॉन्स हॉपकिन्स रुग्णालयात विल्यम ऑस्लर आणि विल्यम हॉल्स्टेड यांनी या निवासी पद्धतीला आकार दिला. डॉक्टरने रुग्णालयातच राहावे, रुग्णाच्या उशाशी शिकावे आणि अनुभव वाढेल तशी जबाबदारी वाढावी, हा तिचा गाभा.

फरक मात्र मोठा आहे. आसन चुकले तर साधकाचाच स्नायू दुखावतो. वॉर्डात चुकीची किंमत रुग्ण मोजतो. रात्री दोन वाजता एखाद्याचा श्वास जड होतो, रक्तातील प्राणवायू उतरू लागतो. उपचार तत्काळ सुरू करायचे असतातच. पण ‘सर, मला नीट उमगत नाही, आपण या’ असा फोनही त्याच क्षणी करायचा असतो. अपमानाच्या भीतीने तो टाळला, तर पुस्तकी ज्ञान असूनही रुग्ण गमावण्याची वेळ येते. मदत वेळेवर मागणे हे पहिल्या वर्षातील सर्वांत अवघड कौशल्य आहे.

मराठी माध्यमातील मुलांची येथे एक जमेची बाजू असते. शासकीय महाविद्यालयांतील निम्म्या पदव्युत्तर जागा अखिल भारतीय कोट्यातून भरल्या जातात. त्यामुळे महाराष्ट्रातील मुलामुलींना म्हैसूरसारख्या शहरी जावे लागते. तेथे रुग्णाला ‘एल्लि नोवु?’, म्हणजे कुठे दुखते, असे कन्नडमध्ये विचारावे लागते आणि उत्तर समजण्यासाठी परिचारिकेचे साहाय्य घ्यावे लागते. अकरावीत इंग्रजीशी झगडताना ‘पुन्हा सांगाल का?’ असे विचारायला जो शिकला, त्याला या विचारण्याचा संकोच कमी वाटतो.

मात्र विचारण्यासाठी शुद्ध जागी हवी. केंद्र शासनाच्या 1992 च्या निवासी योजनेनुसार कनिष्ठ निवासी डॉक्टरांचे काम सामान्यतः आठवड्याला 48 तास आणि सलग 12 तासांहून अधिक नसावे. प्रत्यक्षात अनेक ठिकाणी कामाचे तास याच्या कितीतरी पलीकडे जातात. थकलेल्या डॉक्टराची चूक रुग्णालाही भोवते. म्हणून हा प्रश्न केवळ डॉक्टरांच्या सोयीचा नाही.

पालकहो, मूल घरापासून दूर रुग्णालयात राहू लागले, की विद्यावेतन आणि परीक्षेची चौकशी होतेच. त्याआधी दोन प्रश्न विचारावेत : झोप झाली का, आणि अडल्यावर कोणाला हाक मारतोस? दुसऱ्या प्रश्नाला उत्तर म्हणून एखादे नाव पटकन आले, तर शिक्षण योग्य हाती आहे असे समजावे. नाव आले नाही, तर त्या संभाषणात फोन लवकर ठेवू नये.