जखमेचा पुरावा

(ज्ञातिमंडळाच्या वार्षिक संमेलनात वाटूर येथे दिलेले भाषण)



चिटणीसांनी मला शिक्षणाविषयी दोन शब्द बोलावेत असे सुचविले होते. परंतु त्या विषयावर मी आयुष्यभर वर्गात बोलत आलो, आणि आज माझ्या मनात निराळाच प्रश्न घोळत आहे. तो प्रश्न आपल्या कार्यकारिणीपुढे आलेल्या एका अर्जाने उभा केला असून त्याचा निर्णय अद्याप व्हावयाचा आहे. मी मॅट्रिकपर्यंत शिकलेला खेड्यातील शिक्षक. कायद्याचा पंडित नव्हे. तथापि जे वाचले आणि विचारपूस करून जाणून घेतले, ते आपणांपुढे ठेवणे मी माझे कर्तव्य समजतो.

अर्ज आपल्याच ज्ञातीतील एका माजी सैनिकाचा आहे. त्यांच्या इच्छेवरून मी नाव घेत नाही. १९८७ साली भारतीय शांतिसेना श्रीलंकेत गेली आणि १९९० च्या मार्चमध्ये परतली. त्या मोहिमेत आपले अकराशेहून अधिक जवान कामास आले. हे गृहस्थ त्या सेनेत शिपाई होते. रस्त्यात पुरलेल्या सुरुंगाचा स्फोट झाला आणि लोखंडाचा तुकडा त्यांच्या मांडीत शिरला. जवळच्या उपचारकेंद्रात जखम धुऊन टाके घातले, चार दिवस विश्रांती दिली आणि पाचव्या दिवशी ते पुन्हा आपल्या तुकडीत रुजू झाले. मोठ्या रुग्णालयात त्यांस नेलेच नाही, म्हणून रुग्णालयाचा कागद नाही. पुढे घरच्या अडचणीमुळे निवृत्तिवेतनास पात्र होण्यापूर्वीच त्यांनी सेना सोडली आणि गावी येऊन शेती पाहू लागले.

शत्रूच्या प्रत्यक्ष कारवाईत जखमी झालेल्या सैनिकास देण्यासाठी १९७३ साली आपल्या सरकारने पराक्रम पदक स्थापन केले. त्या पदकासाठी या गृहस्थांनी उतारवयात अर्ज केला. उत्तर आले की, वैद्यकीय कागदपत्र जोडावेत. आपली सेवापत्रे मुदतीनंतर नष्ट करण्यात आली आहेत. आता आपण पाहा. कागद ज्यांनी ठेवावयाचा त्यांच्याकडे तो नाही, आणि ज्याच्याकडे तो कधीच दिलेला नव्हता त्याने तो आणावा! यात कोणा एका कारकुनाचा दोष आहे असे मी म्हणत नाही. निवृत्तिवेतन न घेता सेना सोडलेल्या सैनिकांची पत्रे पंचवीस वर्षांनी नष्ट करावीत, असा सेनेचा नियमच आहे. ज्यास दरमहा पैसा द्यावयाचा नाही त्याचा कागद जपण्याचे कारण नाही, असा हिशेब त्यामागे असावा. पण मानाचा हिशेब पैशाच्या हिशेबाहून निराळा असतो, हे त्या नियमाच्या लक्षात राहिले नाही.

कोणी विचारील, या वयात पदक कशाला हवे? पदकासोबत जमीन मिळत नाही की घर मिळत नाही. मीही त्यांस हेच विचारले. ते म्हणाले, "गुरुजी, पारावर एक जण म्हणाला की ही खूण मळणीयंत्राची असेल. तेवढे खोटे ठरले म्हणजे झाले." बंधुंनो, यापुढे मला काही विचारावेसे वाटले नाही.

हे दुःख एकट्या आपल्या देशाचे नाही. अमेरिकेत सेंट लुईस येथील सैनिकी दप्तरखान्यास १२ जुलै १९७३ रोजी आग लागली आणि सुमारे एक कोटी साठ लाख ते एक कोटी ऐंशी लाख सैनिकांची पत्रे भस्मसात झाली. त्यांच्या दुसऱ्या प्रती नव्हत्या, सूचीही नव्हती. दोन महायुद्धांत लढलेल्या असंख्य माणसांची जखम अशी एका आगीत कागदावरून पुसली गेली. पुढे तेथील अधिकाऱ्यांनी पगाराच्या पावत्या, तुकडीचे रोजचे हजेरीपत्रक, रुग्णप्रवेशाच्या नोंदी आणि सहकाऱ्यांची प्रतिज्ञापत्रे यांवरून एकेकाचा इतिहास पुन्हा जुळविण्याचे काम हाती घेतले. मुख्य कागद गेला म्हणून सत्य गेले असे त्यांनी मानले नाही, आणि नुसत्या शब्दावर पदकही वाटले नाही. या दोन्ही गोष्टी आपण ध्यानात घ्याव्यात.

पण एवढ्या दूर जाण्याचे तरी काय कारण? आपला मराठवाडा याच प्रश्नातून गेलेला आहे. हैदराबाद मुक्तिसंग्रामात स्वामी रामानंद तीर्थांच्या नेतृत्वाखाली सहस्रावधी माणसे उतरली. कोणी तुरुंगात गेले, कोणी सीमेबाहेरच्या छावण्यांत राहून निजामाच्या नाक्यांवर हल्ले केले. आपल्याच जिल्ह्यातील धोपटेश्वरच्या दगडाबाई शेळके यांच्यासारख्या स्त्रियाही त्यात होत्या. सप्टेंबर १९४८ मध्ये भारतीय फौजा जालन्यात आल्या आणि १७ तारखेस निजामाने शरणागती पत्करली. भूमिगत कार्यकर्ता नोंद मागे ठेवीत नसतो. नोंद राहिली तर तो पकडला जातो. सीमेवरच्या छावणीत गोळी लागलेल्या माणसाने सरकारी दवाखान्यात जाऊन कागद कसा मागावा? जे दप्तर होते ते उर्दूत. नंतर राज्ये बदलली, १९५६ साली आपण मुंबई राज्यात आलो, १९६० साली महाराष्ट्र झाला, १९८१ साली जालना जिल्हा निराळा झाला. आणि प्रत्येक बदलात गठ्ठे एका कचेरीतून दुसरीत गेले.

१९७२ साली केंद्र सरकारने स्वातंत्र्यसैनिकांसाठी निवृत्तिवेतनाची योजना काढली, आणि १ ऑगस्ट १९८० पासून तीच सन्मान निवृत्तिवेतन या नावाने, उत्पन्नाची अट काढून, चालविली. तुरुंगवास भोगलेल्यांबरोबरच गोळीबारात किंवा लाठीमारात कायमचे अपंग झालेल्यांचाही त्यात समावेश होता. तेव्हा हाच पेच पडला. त्यातून जी वाट निघाली ती शहाणपणाची होती. मूळ कागद नसेल तर तो उपलब्ध नाही असा राज्य सरकारचा दाखला आणावा, आणि ज्याचा स्वतःचा तुरुंगवास सिद्ध आहे अशा ज्ञात स्वातंत्र्यसैनिकाचे प्रमाणपत्र जोडावे. १९९३ साली सर्वोच्च न्यायालयापुढे जे प्रकरण आले ते निजामाच्या राज्यातील आर्यसमाजाच्या सत्याग्रहींचेच होते. अर्ज उशिरा आला एवढ्याच कारणासाठी तो फेटाळू नये, असा त्या निर्णयाचा आशय आहे. पुढे २००१ साली त्याच न्यायालयाने सांगितले की, अशा अर्जांत फौजदारी खटल्यासारखा काटेकोर पुरावा मागू नये. जे घडले असणे अधिक संभवनीय दिसते ते मान्य करावे.

येथपर्यंतची कथा ऐकून आपणांस समाधान वाटले असेल. परंतु तिचा उत्तरार्धही सांगितला पाहिजे, आणि तो आपल्या शेजारच्या बीड जिल्ह्यातील आहे. कायद्याने जे दार सहानुभूतीने उघडले त्यातून तोतये आत शिरले. ज्यांनी संग्राम पाहिलाही नव्हता त्यांस संग्रामात भाग घेतल्याची प्रमाणपत्रे मिळाली. न्यायमूर्ती पालकर यांच्या आयोगाकडून चौकशी झाली आणि २००५ साली सर्वोच्च न्यायालयास त्या प्रकरणी निर्णय द्यावा लागला. सरकारचा पैसा गेला, ही हानी लहान. मोठी हानी अशी की, त्यानंतर खऱ्या वृद्धाचा अर्जही संशयाने पाहिला जाऊ लागला. प्रमाणपत्रावर सही करणाऱ्याने 'आपल्याच माणसाचे भले होते, आपले काय जाते' असा विचार केला असेल. जाते ते दुसऱ्या कोणाचे तरी. आणि तो दुसरा बहुधा निःशब्द, निर्धन आणि खरा असतो.

आता आपल्यापुढील अर्जाकडे वळतो. काही उत्साही मंडळींनी असा ठराव मांडण्याचे योजिले आहे की, 'सदर गृहस्थ श्रीलंकेतील कारवाईत जखमी झाले हे मंडळ प्रमाणित करीत आहे.' माझी नम्र परंतु स्पष्ट विनंती आहे की, हा ठराव अशा शब्दांत मंजूर करू नये. त्यांच्या सचोटीविषयी माझ्या मनात तिळमात्र शंका नाही. पण आपल्यापैकी कोण त्या दिवशी तेथे होता? जे आपण पाहिले नाही ते आपण प्रमाणित केले, तर आपल्या सहीस किंमत राहणार नाही आणि त्यांच्या सत्यासही बट्टा लागेल. जे आपणांस ठाऊक आहे तेच लिहावे. ते रजेवर गावी आले तेव्हा लंगडत होते आणि मांडीवर ताजे टाके होते, हे पाहणारी दोन-तीन माणसे आजही येथे बसलेली आहेत. त्यांनी आपापल्या नावाने प्रतिज्ञापत्र करावे. एवढी साक्ष लहान दिसते, पण ती खरी आहे, आणि खऱ्या साक्षीस उलटतपासणीचे भय नसते.

याखेरीज शोधण्यासारखे पुष्कळ आहे. सेना सोडताना मिळालेले पुस्तक त्यांच्या पेटीत आहे. त्यात शरीरावरील ओळखखुणा लिहिलेल्या असतात. तो व्रण तेथे नोंदलेला असेल, तर मळणीयंत्राची गोष्ट एका ओळीने संपते, कारण पुस्तक गावी येण्यापूर्वीचे आहे. दुसरे असे की, सैनिकाच्या सेवेतील घडामोडी 'पार्ट टू ऑर्डर' या नावाच्या आदेशांत नोंदविल्या जातात, आणि मोहिमेवरील तुकडी युद्धदैनंदिनी ठेवीत असते. व्यक्तीची पत्रे नष्ट झाली म्हणून तुकडीची नोंद नष्ट झालीच असे नाही. २००५ च्या माहितीच्या अधिकाराखाली तारीख आणि ठिकाण देऊन ती मागता येईल. तिसरे, त्याच स्फोटात सापडलेले सहकारी. त्यांचे पत्ते माजी सैनिकांच्या मेळाव्यांतून मिळू शकतील. आणि चौथा कागद तर त्यांच्या देहातच आहे. क्ष-किरण चित्रात आजही धातूचा कण दिसला, तर तो कोणत्या दप्तरखान्याने नष्ट करावयाचा?

एक भेद मात्र ध्यानात असू द्या. अपंगत्वाच्या निवृत्तिवेतनाबाबत २०१३ साली सर्वोच्च न्यायालयाने म्हटले आहे की, भरतीच्या वेळी नोंद नसलेला विकार सेवेतच उद्भवला असे धरून चालावे आणि संशयाचा फायदा सैनिकास द्यावा. ते पोटाच्या भाकरीविषयी आहे. पदकाचे तसे नाही. पदक छातीवर लावावयाचे असते, आणि शेजारी उभ्या असलेल्या दुसऱ्या पदकधारकाच्या मानातही त्याचा वाटा असतो. म्हणून तेथे थोडा कडक पुरावा मागितला, तर सैनिकाने त्याचा राग मानू नये. राग मानावयाचा तो पुरावा शोधण्यास कोणी मदत करीत नाही याचा. आणि ती मदत करणे हे मंडळाचे काम आहे.

म्हणून मी तीन गोष्टी सुचवितो. मंडळाने दोन तरुणांची या कामी नेमणूक करावी. त्यांनी या गृहस्थांबरोबर जालन्याच्या जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयात जावे, अर्ज लिहावेत आणि टपालखर्च मंडळाने सोसावा. दुसरे, आपल्या ज्ञातीतील प्रत्येक माजी सैनिकाची नोंदवही करावी व त्यांच्या कागदांच्या प्रती मंडळाच्या कपाटात ठेवाव्यात. पंचवीस वर्षांचा नियम आपल्या कपाटास लागू नाही. तिसरे, जे तरुण आज सेनेत आहेत त्यांस कळवावे की, लहानशी जखम झाली तरी तिची लेखी नोंद करून घ्यावी. शूर माणसास स्वतःच्या जखमेविषयी बोलण्याचा संकोच वाटतो, आणि त्या संकोचाची किंमत त्यास म्हातारपणी मोजावी लागते.

पदक मिळेलच असे आश्वासन मी देऊ शकत नाही. पण या कामात मंडळाच्या हातून खोटे काही लिहिले जाऊ नये, आणि खरे काही लिहावयाचे राहू नये, एवढे आपल्या स्वाधीन आहे. ठरावाचा मसुदा बदलून पुढील सभेपुढे ठेवावा अशी अध्यक्षमहाराजांस विनंती करून मी आपली रजा घेतो.

जय हिंद.