नवी पुस्तके कुलपात ठेवू नका

(संस्थेच्या वाचनालयात नवीन ग्रंथ दाखल झाले, त्या कार्यक्रमात केलेले भाषण)



मी लेखिका नाही, विचारवंत तर नाहीच. मराठी विषय घेऊन बी. ए. झाले आणि गेली अनेक वर्षे बँकेत लिपिक म्हणून नोकरी करते. आमचा संबंध पुस्तकांपेक्षा पासबुकांशी अधिक! तरीही आपण मला ग्रंथनिवड समितीत घेतले. आज ही कोरी पुस्तके टेबलावर मांडलेली पाहताना, त्यांच्या निवडीमागची हकिगत आपल्याला सांगावी असे वाटते.

समितीच्या पहिल्या बैठकीत एकमताने ठरले होते की, जमलेली सर्व रक्कम स्पर्धा परीक्षांच्या पुस्तकांवर खर्च करावी. आपल्या मुलांना नोकऱ्या हव्यात, बाहेरच्या अभ्यासवर्गांची फी परवडत नाही, हे कोणी नाकारू शकेल का? त्या ठरावाला मीही हात वर केला. कारण अशीच पुस्तके मागून आणून, अभ्यास करून मी नोकरीला लागले आहे.

घरी आल्यावर आईला सांगितले. माझी आई आज सत्तरीच्या पुढे आहे. ती शाळेत कधी गेली नाही. नव्वदच्या दशकात साक्षरता अभियानाचे वर्ग निघाले, तेव्हा दिवसभर काबाडकष्ट करून रात्री ती पाटी-पेन्सिल घेऊन बसायची. आजही ती अक्षरांवर बोट ठेवून हळूहळू वाचते. माझे ऐकून घेतले आणि एवढेच म्हणाली, "पोरांसाठी आणताय, चांगलंच हाय. पण मलाबी वाचता येतं, हे कुणाच्या ध्यानात हाय का?"

मंडळी, त्या रात्री मला झोप आली नाही. प्रत्यक्ष माझ्या घरातील वाचक मला दिसला नव्हता!

दुसऱ्या दिवशी बँकेतून सुटल्यावर मी थेट वाचनालयात गेले आणि जुनी देवघेव नोंदवही काढून बसले. चालू घडामोडींची पुस्तके वर्षभर हातोहात फिरली होती आणि त्यानंतर कायमची कपाटात पडून होती. त्यात त्या पुस्तकांचा दोष नाही. ती वर्षभरासाठीच असतात. परंतु याच वहीत एक 'बलुतं' होते. दया पवारांचे हे आत्मकथन १९७८ साली प्रसिद्ध झाले. आपली प्रत इतक्या हातांतून गेली होती की तिचे पुठ्ठे सुटले होते आणि अखेरची पाने गहाळ होती. शेवट न वाचताच किती वाचकांनी ते परत केले असेल कोण जाणे!

आमच्या बँकेत एखाद्या खात्यात दोन वर्षे खातेदाराने व्यवहार केला नाही, तर ते खाते निष्क्रिय धरले जाते. पैसा असतो, पण तो कोणाच्या उपयोगी पडत नाही. कपाटातील न वाचलेल्या पुस्तकाचेही तसेच आहे.

दुसऱ्या बैठकीत मी हे सर्व मांडले. वाद झाला, आवाज चढले. एक तरुण कार्यकर्ता म्हणाला, "ताई, गोष्टीच्या पुस्तकांनी नोकरी लागते का?" प्रश्न रास्त होता. मी त्याला बाबासाहेबांच्या विद्यार्थिदशेतील एक प्रसंग सांगितला, जो आपण सर्वांनी ऐकला आहे, पण वाचनालयाच्या दृष्टीने क्वचितच पाहिला आहे. मुंबईत चर्नी रोडच्या बागेत एक विद्यार्थी रोज वाचत बसतो, हे कृष्णाजी अर्जुन केळुसकर गुरुजींनी हेरले. तो विद्यार्थी मॅट्रिक झाला, तेव्हा सत्कारसभेत गुरुजींनी स्वतः लिहिलेले बुद्धचरित्र त्याला भेट दिले. ते काही परीक्षेचे पुस्तक नव्हते. त्या पुस्तकाने गुण वाढणार नव्हते. पण पुढे १९५६ साली नागपूरला काय घडले, ते या सभागृहात सांगण्याची गरज नाही. योग्य पुस्तक योग्य वयात योग्य हाती पडले, तर त्याचे फळ किती वर्षांनी आणि केवढे मिळेल, याचा हिशेब आमच्या बँकेलाही मांडता येणार नाही!

अखेर रकमेचे दोन भाग झाले. निम्म्या रकमेची परीक्षेची पुस्तके आली, निम्म्या रकमेची सर्व वयांसाठी. लहानांसाठी राष्ट्रीय पुस्तक न्यासाची चित्रांची पुस्तके घेतली. १९५७ साली स्थापन झालेली ही संस्था माफक किमतीत मराठीतही पुस्तके देते. पाठ्यपुस्तक मंडळाचे 'किशोर' हे मासिक १९७१ पासून निघते, त्याची वर्गणी भरली. थोड्या मोठ्या मुलांसाठी भा. रा. भागवतांचा फास्टर फेणे आणि जयंत नारळीकरांच्या विज्ञानकथा आहेत. महाराष्ट्र शासनाने १९७९ पासून प्रकाशित केलेल्या बाबासाहेबांच्या लेखन-भाषणांच्या खंडांपैकी मराठी भाषणांचे भाग आहेत. 'बलुतं'ची नवी प्रत आहे, उर्मिला पवार यांचे २००३ सालचे 'आयदान' आहे. आणि ज्येष्ठांसाठी मोठ्या, ठळक टाइपाची पुस्तके मी स्वतः दुकानात उभी राहून, उघडून पाहून निवडली आहेत.

भगिनींनो, एका पुस्तकाविषयी आपल्याशी मुद्दाम बोलायचे आहे. ते म्हणजे फलटणच्या बेबीताई कांबळे यांचे 'जिणं आमुचं'. ते १९८६ साली पुस्तकरूपाने आले. बेबीताई दुकान चालवीत. सामान बांधून देण्यासाठी आणलेली रद्दीची वर्तमानपत्रे त्या वाचत. दुकानात बसूनच लिहीत आणि घरच्यांच्या भीतीने लिहिलेले वर्षानुवर्षे लपवून ठेवीत. रद्दीवर वाचनाची भूक भागवणाऱ्या बाईने एवढा ग्रंथ लिहिला. मग आपल्यासमोर तर आज कोरी पुस्तके आहेत!

आता माझी तक्रारवजा विनंती. मी शाळकरी असताना आमच्या गावच्या एका वाचनालयात गेले होते. तेथील गृहस्थांनी मला कपाटाजवळ जाऊच दिले नाही. काय हवे ते न विचारता पाककृतीचे एक पुस्तक काढून दिले. मी ते घेऊन मुकाट्याने परतले आणि पुन्हा तिकडे फिरकले नाही. आपल्या वाचनालयातून एकही मुलगी अशी परत जाता कामा नये.

भारतीय ग्रंथालयशास्त्राचे जनक डॉ. रंगनाथन यांनी १९३१ सालीच आपल्या पाच सूत्रांत पुस्तकांच्या वापराला पहिले स्थान दिले. म्हणून कार्यकारिणीला माझी विनंती आहे की, या कपाटांना संध्याकाळी कुलूप नसावे. मुलांना पुस्तके हाताळू द्यावीत. एखादे पान फाटले तर चिकटवता येते, पण हिरमुसलेले मूल पुन्हा आणता येत नाही. महिलांसाठी आठवड्यातून एक दिवस रात्री जेवणे उरकल्यानंतर वाचनालय उघडावे, कारण त्याआधी आपल्या घरातील बाईला सवड नसते. आणि ज्यांना जिना चढवत नाही, त्यांच्या घरी पुस्तक पोहोचवण्याचे काम आमच्या बालमित्रांनी करावे. कराल ना?

तरुण मित्रांनो, तुम्ही परीक्षा जरूर द्या, अधिकारी व्हा. पण येथून जाताना आपल्या आजीसाठी एक पुस्तक घेऊन जा. ती वाचू शकत नसेल, तर तिला वाचून दाखवा.

माझ्या आईने आज सकाळीच नोंदवहीत स्वतःच्या हाताने सही करून पहिले पुस्तक घरी नेले आहे. त्या नोंदीखाली बरीच जागा रिकामी आहे. ती आपण सर्वांनी मिळून भरावी, एवढी अपेक्षा व्यक्त करून मी माझे दोन शब्द संपवते.

जय भीम!